काळी म्हैस काळीच दिसली पाहिजे

आजचा एपिसोड ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिहून काढलेला भाग. बोलताना जिथे मी अडखळलो, तिथलं थोडं साफ केलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

सुरुवात एका श्रोत्याच्या मेसेजपासून. त्यानं एक स्क्रीनशॉट पाठवला. स्कॉटलंडची हायलँड गाय. तुम्ही पाहिली असेलच, कारण हल्ली ती पोस्टरवर असते, कॉफी मगवर असते, कोणाच्या तरी नव्या फ्लॅटच्या भिंतीवर असते. डोळ्यांवर केसांची झुलपं, लांब शिंगं, मागे धुकं, आणि सगळं ब्लॅक अँड व्हाइट. खाली मेसेज: "दादा, असा फोटो आपल्याकडे फोनवर निघेल का? की त्यासाठी व्हिसाच पाहिजे?"

निघेल. व्हिसा नको, कुर्ल्याहून रिक्षा पुरते. पण त्या गाईची रेसिपी आपल्या जनावराला जशीच्या तशी लावली तर फोटो हमखास बिघडतो. कसं, ते मला माहीत आहे, कारण मी तो बिघडवला होता. आणि ज्यांच्यासाठी काढला होता, त्यांनी तो माझ्यासमोर नाकारला होता.

तो नाकारलेला फोटो

कुर्ल्यात मिठी नदीच्या बाजूला एक छोटा तबेला आहे. पत्र्याची शेड, एका ओळीत पंधरा-वीस म्हशी, गव्हाणीत वैरण, कोपऱ्यात पेंडीची पोती. आमच्या घरी बरीच वर्षं दूध तिथूनच येतं. तिथे जे चाचा धार काढतात ते उत्तर प्रदेशातले. मला लहानपणापासून ओळखतात, आणि मी इंजिनिअर झालो म्हणजे माझ्याकडे भारी फोन असणार, हा त्यांचा पक्का समज.

एके दिवशी त्यांनी मला थांबवलं. रानी नावाच्या म्हशीचा एक चांगला फोटो काढून हवा होता. गावाकडे त्यांची नात आहे, ती रोज व्हिडिओ कॉलवर रानीला बघायची. आणि रानी आता भाकड होत चालली होती.

ज्यांना तबेल्याचं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहरातला तबेलेवाला साधारणपणे नुकती व्यायलेली म्हैस विकत आणतो, बहुतेक वेळा हरियाणा किंवा गुजरातकडून. ती दूध देते तोवर तिला ठेवतो. दूध आटलं की ती भाकड. पुन्हा गाभण राहून व्यायीपर्यंत तिला सांभाळायचं, तर वैरण, पेंड आणि जागा यांचा खर्च तोच राहतो आणि दूध शून्य. मग तिला विकतात. काही गावाकडे जातात, बऱ्याच कत्तलखान्याकडे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्या कायद्याच्या बाहेर आहे. हे चाचांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यावर ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, लवकर काढ.

मी फोन काढला, तो हायलँड गाईवाला ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावला, क्लिक केलं आणि दाखवलं. त्यांनी स्क्रीन जवळ घेतली, लांब धरली आणि परत दिली.

"ये हमारी रानी नहीं है. ये तो भूरी है."

भुरी म्हणजे फिक्या रंगाची, राखाडी-तपकिरी म्हैस. रानी मुऱ्हा जातीची, काळी कुळकुळीत. माझ्या फोटोत ती खरंच सिमेंटच्या रंगाची दिसत होती. अंगाला चमक नाही, गालाचं हाड दिसत नाही, डोळे म्हणजे दोन ठिपके. पत्र्याचं छप्पर मात्र पांढरंफटक जळालेलं.

फोन महाग होता, फिल्टर महाग होता. तरी चाचांचंच बरोबर होतं.

फोनला काळं आवडत नाही

आता यामागचं कारण. हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

कॅमेऱ्याला समोर काय आहे ते आधीपासून ठाऊक नसतं. त्याच्याकडे किती प्रकाश आला, एवढंच त्याला कळतं. म्हणून त्याच्या मीटरमध्ये एक गृहीतक बसवलेलं असतं: जगातल्या बहुतेक दृश्यांची सरासरी काढली तर ती मध्यम राखाडी येते. फोटोग्राफीत या मध्यम राखाडीचा आकडा साधारण १८ टक्के धरतात, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत फेकणारा रंग. कॅमेरा सरासरी काढतो आणि ती या राखाडीवर आणून ठेवतो.

रस्ता, माणसं, झाडं, इमारती असा मिसळीचा फोटो असेल तर हे गृहीतक छान चालतं. पण फ्रेम भरून काळी म्हैस असेल तर? उदाहरणापुरतं धरा, तिची कातडी ४.५ टक्के प्रकाश परत फेकते. कॅमेऱ्याला वाटतं, अरे, इथे अंधार आहे! तो ४.५ चे १८ करतो, म्हणजे प्रकाश चौपट. फोटोग्राफीच्या भाषेत प्रकाश दुप्पट होणं म्हणजे एक स्टॉप. चौपट म्हणजे दोन स्टॉप. म्हैस राखाडी झाली, आणि आधीच उजेडात असलेलं छप्पर चौपट होऊन जळून गेलं.

कोडच्या भाषेत सांगायचं तर हा बग नाहीये. फंक्शन लिहिलंय तसंच चाललंय, फक्त आपण त्याला अपेक्षेबाहेरचा इनपुट दिलाय.

त्यावर आजचे फोन आणखी एक काम करतात. एका क्लिकमध्ये ते अनेक फ्रेम घेतात, त्या एकत्र करतात आणि सावलीतला भाग उचलतात. यालाच आपण ढोबळपणे एचडीआर म्हणतो. फोनच्या दृष्टीनं गडद भाग ही दुरुस्त करायची गोष्ट असते. सावळ्या मित्राचा ग्रुप फोटोत चेहरा धुतल्यासारखा का दिसतो, याचंही एक कारण इथेच आहे. म्हैस काय किंवा मित्र काय, त्यांच्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

मग करायचं काय?

सगळ्यात सोपा उपाय फोनच्या साध्या कॅमेऱ्यातच आहे. स्क्रीनवर म्हशीच्या चेहऱ्यावर बोट ठेवा आणि दाबून धरा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. मग बाजूला जो सूर्याचा आयकॉन किंवा स्लायडर येतो, तो खाली ओढा. म्हैस फ्रेम भरून असेल तर दीड ते दोन स्टॉप खाली. अर्धी फ्रेम म्हैस आणि अर्धी इतर काही असेल तर एक स्टॉप पुरे. आकडा पाठ करू नका. डोळ्यांनी म्हशीकडे बघा, मग स्क्रीनकडे बघा, दोन्ही जुळेपर्यंत ओढा. एचडीआर बंद करायची सोय असेल तर बंद करा.

इथे तुमच्यापैकी जे प्रो मोडमध्ये रॉ फाइल काढतात, ते हात वर करतील. त्यांचं बरोबर आहे. रॉमध्ये गणित थोडं उलटं होतं.

समजा सेन्सर १२ बिटचा आहे, म्हणजे प्रकाशाच्या एकूण ४०९६ पायऱ्या. त्या सरळ रेषेत मोजलेल्या असतात. सगळ्यात उजळ स्टॉपला २०४८ पायऱ्या मिळतात, त्याच्या खालच्याला १०२४, मग ५१२, मग २५६. सगळ्यात गडद भागाच्या वाट्याला अगदी थोड्या उरतात. आपली म्हैस नेमकी तिथेच राहते! तिच्या कातडीच्या सुरकुत्या, पापणीचे केस, ओल्या नाकावरची जाळी, हे सगळं त्या थोड्या पायऱ्यांमध्ये बसवायचं. नाही बसलं तर तिथे नॉइजचा रवा दिसायला लागतो. म्हणून रॉमध्ये काढताना उजळ भाग जळणार नाही इतपतच जास्त प्रकाश घ्या, आणि काळेपणा नंतर एडिट करताना खाली आणा. जेपीईजीमध्ये मात्र जागेवरच काळं काढा, कारण तिथे फोननं घोळ आधीच घालून ठेवलेला असतो आणि नंतर हाताशी फक्त २५६ पायऱ्या उरतात.

लक्षात ठेवायला सोपं: रॉ असेल तर आधी भरून घ्या, नंतर उतरवा. जेपीईजी असेल तर आधीच उतरवा.

केस नाहीत, मग दिसणार काय?

एक्स्पोजर जमलं तरी माझा दुसरा प्रयत्न फसला. म्हैस काळी आली खरी, पण कोळशाची गोणी ठेवल्यासारखी. कडा आहेत, आत काही नाही.

इथे हायलँड गाय आणि आपली म्हैस यांतला फरक समजून घ्यावा लागतो. हायलँड गाईच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत लोकरीसारखा मऊ थर, बाहेर लांब तेलकट केस, ज्यांवरून पाऊस घरंगळून जातो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला वारा आणि गार पाऊस झेलायला ते लागतात. फोटोग्राफरसाठी ही चैन आहे. प्रत्येक केसाची स्वतःची छोटी सावली पडते. प्रकाश कुठूनही आला तरी पोत दिसतोच. शिवाय त्या गाई बहुतेक तांबूस असतात, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये त्या आपोआप मधल्या राखाडीत येतात. कॅमेऱ्याच्या गृहीतकात अगदी फिट.

म्हशीचं सगळं उलट. मोठी झाली की अंगावर केस विरळ. कातडी काळी, त्यामुळे ऊन शोषते. घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूप कमी. म्हणून तिला पाण्यात डुंबावं लागतं, चिखल फासून घ्यावा लागतो. आता हेच तुमच्या फायद्याचं आहे. काळ्या वस्तूचा आकार सावलीतून दिसत नाही, कारण काळ्यावर सावली कुठे दिसणार? तो दिसतो चमकेतून. तव्याचा फोटो काढायचा तर तवा ओला करून खिडकीजवळ तिरपा धरा, कडेवरून उजेडाची एक रेघ पळते. म्हैस म्हणजे तोच तवा.

म्हणून तीन गोष्टी बघा.

एक, वेळ. तबेल्यात म्हशींना पाणी मारून धुतात, त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं सोन्याची. ओल्या कातडीवर प्रकाश सरकतो आणि पाठीचा कणा, बरगड्या, गालफड, सगळं उमटतं.

दोन, दिशा. प्रकाश तुमच्या पाठीमागून नको. तो बाजूनं किंवा थोडा म्हशीच्या मागून यायला हवा. पत्र्याच्या शेडमध्ये एक बाजू बहुधा उघडी असते. म्हैस त्या उघड्या बाजूकडे तिरपी असेल अशा जागी उभे राहा. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ म्हणजे फुकटचा भलामोठा सॉफ्टबॉक्स, त्याचा फायदा घ्या.

तीन, फ्लॅश. नकोच. समोरून मारलेला फ्लॅश आकार सपाट करतो, डोळे भुतासारखे चमकतात, आणि दावणीला बांधलेलं जनावर बिचकलं तर शेजारची चार बिचकतात. धार काढणाऱ्या माणसाचं नुकसान होतं ते वेगळंच.

जनावराजवळ जायचे नियमही इथेच सांगून टाकतो. आधी माणसाला विचारा. मागून जाऊ नका. रेडकू शेजारी असेल तर अंतर ठेवा. आणि वाइड लेन्सनं नाकाजवळ जाण्यापेक्षा दोन पावलं मागे राहून दोन किंवा तीन पट झूमची लेन्स वापरा. वाइडमध्ये नाक भोपळ्याएवढं होतं आणि शिंगं गायब होतात. फोकस जवळच्या डोळ्यावर. तो काळ्यात काळा असल्यामुळे फोनला सापडत नसेल, तर डोळ्यात उजेडाचा ठिपका येईपर्यंत थांबा. ठिपका आला की फोनलाही काहीतरी पकडायला मिळतं आणि फोटोतली म्हैसही जिवंत दिसते.

ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे नुसता रंग काढणं नव्हे

आता एडिटिंग. रंगीत फोटो काळा-पांढरा करताना सॉफ्टवेअर लाल, हिरवा आणि निळा या तिघांची बेरीज करतं. बेरीज सारख्या वाटणीची नसते. जुन्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेली एक वाटणी अशी आहे: लाल सुमारे ३० टक्के, हिरवा ५९, निळा ११. आपला डोळा हिरव्याला जास्त प्रतिसाद देतो म्हणून त्याचा वाटा मोठा.

ही वाटणी तुम्ही बदलू शकता. लाइटरूमच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर प्रत्येक रंगाचा स्लायडर मिळतो. स्नॅपसीडमध्ये रंगीत फिल्टर निवडता येतात. हायलँड गाईवर लोक लाल वाढवतात. गाय उजळते, हिरवं गवत आणि निळं आभाळ खाली जातं, झाला पोस्टर तयार.

तेच मी रानीवर केलं तेव्हा काय झालं? काहीच नाही! म्हणजे म्हशीला काहीच झालं नाही. काळ्या रंगात लाल, हिरवा, निळा जवळपास सारखेच कमी असतात. वाटणी कशीही बदला, बेरीज तीच. बदलली ती मागची बाजू. मागे वैरणीचा हिरवा भारा होता, तो काळा पडला आणि म्हशीचं डोकं त्यात बुडालं.

मग डोक्यात प्रकाश पडला. म्हशीचे स्लायडर म्हशीसाठी नसतातच, ते तिच्या पार्श्वभूमीसाठी असतात. हिरवा वाढवला. भारा उजळला, आणि त्यावर शिंगाची वळलेली काळी कड सुरीनं कापल्यासारखी उमटली. मुंबईच्या तबेल्यात मागे निळी ताडपत्री असतेच असते. तिथे निळ्याचा स्लायडर वर न्या, म्हणजे काळ्या अंगामागे तुम्हाला फिकट पडदा मिळतो. चिखल तांबडा असेल तर तांबड्या-केशरीनं खेळा: अंगावरचा वाळलेला चिखल उजळतो, कातडी तशीच राहते.

शेवटी एकच काळजी. कॉन्ट्रास्ट ओढत सुटू नका. हिस्टोग्राम उघडा. म्हशीचा फोटो असेल तर डोंगर डावीकडे असणारच, घाबरू नका. फक्त तो डाव्या भिंतीला चिकटून सपाट कापला जाऊ नये. थोडी जागा सोडा.

सराव कुठे करायचा?

कुर्ल्याहून सगळ्यात जवळचा मोठा सराव म्हणजे आरे. बीकेसीहून एक्वा लाइन पकडा, आरे-जेव्हीएलआरला उतरा, पुढे रिक्षा. आरेला आपण जंगल आणि कारशेडच्या वादामुळे ओळखतो, पण ती वसवली गेली म्हशींसाठी. मुंबईच्या दाट वस्तीतले तबेले शहराबाहेर न्यायचे म्हणून १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली. तीन हजार एकरांहून मोठी जागा, आणि म्हशींसाठी वेगवेगळी युनिट. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. या योजनेमागचे अधिकारी दारा खुरोडी. त्यांना १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियन सगळ्यांना माहीत आहेत, खुरोडींचं नाव मुंबईतही फार कोणी घेत नाही.

आणि आपलं कुर्ला? पूर्वेला नेहरूनगरची मदर डेअरी आठवते ना? डेअरी बंद पडली, झाडं राहिली. २०२४ मध्ये राज्य सरकारनं तिथली सुमारे साडेआठ हेक्टर जागा धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं ठरवलं आणि कुर्ल्यातली माणसं विरोधात रस्त्यावर आली. म्हणजे शहराच्या कडेला नेलेली म्हैस, मग शहरच तिच्याभोवती वाढतं, मग पुन्हा तिनं सरकायचं. हे गेली पंचाहत्तर वर्षं चालू आहे. त्यामुळे तुमच्या गल्लीत अजून तबेला असेल तर फोटो या महिन्यातच काढा. पुढच्या वर्षीवर ढकलू नका.

आरेत किंवा कुठेही गेलात की आधी शिंगं बघायला शिका. मुऱ्हाची शिंगं आखूड आणि जिलबीसारखी घट्ट वळलेली, ती बाजूनं काढा. जाफराबादीचं कपाळ अवजड, शिंगं मानेकडे ओघळलेली, तिला समोरून काढा. सुरतीची शिंगं विळ्यासारखी, आणि गळ्याजवळ दोन पांढरे पट्टे असतात. ते जळू देऊ नका.

पण हायलँडच्या तोडीची शिंगं हवीत ना? मग पंढरपुरी म्हैस. सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा तिचा पट्टा. शिंगं तलवारीसारखी लांब, खांद्याच्याही मागे जाणारी. म्हशीची शिंगं म्हशीला जड नसतात म्हणतात, पण फोटोग्राफरच्या फ्रेमला मात्र होतात, एका बाजूचं टोक कापलं जातंच. थोडं मागे सरका, तिरके उभे राहा. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पेल्यात देतात. पहाट, दिव्याचा उजेड, दुधाचा फेस आणि काळी म्हैस. याहून ब्लॅक अँड व्हाइट दृश्य मला तरी माहीत नाही.

आणि पावसातल्या गाईच हव्यात, तर कसारा घाट चढा. इगतपुरी, अकोले या भागात डांगी जात आहे. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके. तिची कातडी तेलकट स्राव सोडते, त्यामुळे सह्याद्रीचा धो-धो पाऊस ती सहन करते. म्हणजे हायलँड गाईनं जे केसांनी साधलं, ते आपल्या डांगीनं कातडीनं साधलं! फक्त इथे नियम पालटतो. पांढऱ्या भागावर बोट ठेवून एक्स्पोजर लॉक करा आणि पांढऱ्यातला पोत सांभाळा. पांढरं एकदा जळलं की परत येत नाही. काळे ठिपके थोडे बुडाले तरी चालतात.

एक शेवटची टीप पाण्याबद्दल. "पाण्यात म्हैस, बाहेर मोल" ही म्हण व्यवहारासाठी आहे, पण फोटोलाही लागू पडते. डुंबणाऱ्या म्हशीचं फक्त डोकं आणि पाठीची एक रेघ दिसते, आणि पाण्यात आभाळ चमकत असतं. कॅमेरा चमकत्या पाण्याकडे बघून सगळंच गडद करतो. इथे स्लायडर खाली न्यायच्या ऐवजी किंचित वर न्यावा लागू शकतो. म्हणून पुन्हा सांगतो, आकडा पाठ करू नका, जनावराकडे बघा.

रानीचं काय झालं?

तिसऱ्या प्रयत्नात फोटो जमला. सकाळी म्हशी धुऊन झाल्यावर, उघड्या बाजूच्या उजेडात, मागे हिरवा भारा. कानाची एक कड फाटलेली होती, ती आधीच्या दोन्ही फोटोंत मला दिसलीच नव्हती. चाचांना फोनवर दाखवला. त्यांनी पहिलं बोट त्या कानावर ठेवलं. "हां. यही है."

नातीला पाठवताना मी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला. तुम्हीही तसंच करा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की तो दाबला जातो आणि काळ्या भागात चौकटी-चौकटी दिसायला लागतात.

मग मला हुक्की आली की छापूनही देऊ. एका लॅबमध्ये दिला. दुसऱ्या दिवशी प्रिंट हातात घेतली, तर रानी पुन्हा भुरी! लॅबच्या मशीननंही तेच केलं होतं: सरासरी काढली, गडद दिसलं, उजळवून टाकलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, डार्क होता म्हणून ब्राइट करून दिला." त्याला वाटलं, माझं कामच केलं. म्हणून प्रिंट काढताना तोंडानं सांगा आणि पाकिटावर लिहून घ्या: करेक्शन नको. जमलं तर आधी एक छोटी टेस्ट प्रिंट काढा.

दुसरी प्रिंट बरोबर आली. पण त्यात आठवडा गेला, मध्ये एक रिलीज होतं, मी दोन दिवस ऑफिसातून उशिरा निघालो. तबेल्यात पोचलो तेव्हा रानीच्या खुंट्याला दुसरी म्हैस होती. नवीन, नुकती व्यायलेली, शेजारी रेडकू.

चाचांनी हात लुंगीला पुसले, प्रिंट दोन बोटांनी कडेला धरून घेतली आणि बराच वेळ बघितली. मग पेंडीच्या पोत्यावरची प्लास्टिकची पिशवी झटकली, प्रिंट आत घातली, आणि दुधाचा हिशोब लिहायच्या वहीत ठेवून दिली. म्हणाले, गावी जाताना घेऊन जाईन. आणि मग नव्या म्हशीकडे बोट करून विचारलं, हिचा कधी काढतोस?

तर या आठवड्याचा गृहपाठ. जवळपास एखादी काळी गोष्ट शोधा. म्हैस असेल तर उत्तम, नाहीतर काळी मांजर, काळं कुत्रं, आजीचा लोखंडी तवासुद्धा चालेल. एक फोटो फोनच्या मर्जीनं काढा, एक दीड स्टॉप खाली ओढून. दोन्ही शेजारी ठेवा. त्यातला खरा कोणता, हे त्या जनावराला रोज बघणाऱ्या माणसाला विचारा. आजीच्या तव्यासाठी आजीला.

मी त्या नव्या म्हशीचा फोटो काढायला रविवारी सकाळी जातोय. ढगाळ असलं पाहिजे, बस्स. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, बघत राहा.